सांगायचे किती, द्यायचे किती?

आमची भाची लातुरात बसून फ्रेंच शिकतेय. गावाला ह्याचं काही नवल नाही. पहाटे साडेपाचला पोरं सायकलवरून केमिस्ट्रीच्या शिकवणीला निघालेली बघायची ज्या गावाला सवय आहे, तिथं एका पोरीनं मोबाइलवर फ्रेंच घोकलं तर कोण मान वर करून बघणार? तिला कॅनडातल्या क्वेबेकला जायचंय आणि तिथं फ्रेंच चालतं, एवढं मला समजावून झालेलं आहे. परवा तिच्या बाईंनी गृहपाठ दिला. वस्तू स्वस्तात मिळाली, सेलमध्ये मिळाली, महाग पडली किंवा कुणी टोपी घातली, तर फ्रेंच माणूस मित्रांशी साध्या बोलीत काय बोलतो ते वहीच्या डाव्या बाजूला लिहायचं आणि आपल्या मातृभाषेत काय म्हणतात ते उजव्या. डावी बाजू तिची भरून झाली होती. उजवी घेऊन ती माझ्याकडं आली.

"मामा, तुम्ही बाजारात रोज भांडता. तुम्हाला येईल."

आम्ही भांडत नाही, भाव करतो. पण ह्या पिढीला दोन्हींतला फरक कळायचा नाही, कारण ती ॲपवर खरेदी करते आणि ॲप उलटून बोलत नाही.

पहिला शब्द होता 'से दॉने'. शब्दशः अर्थ, 'ते दिलेलं आहे'. इतकं स्वस्त की विकलं म्हणवत नाही, देऊनच टाकलंय. मी म्हटलं, लिही, 'फुकटातच आहे की'. तिनं लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पण मामा, फ्रेंचमध्ये हे गिऱ्हाईक म्हणतं."

इथं मी अडकलो. लातूरच्या बाजारात दुकानासमोर उभं राहून 'फुकटातच आहे की' म्हणणारं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही. कुणी तसं म्हणालाच तर दुकानदार आधी घाबरेल, मग भाव वाढवेल. हे वाक्य आपल्याकडं दुकानदाराच्या मालकीचं आहे. "घ्या ताई, फुकटात द्यायलोय." गिऱ्हाइकाच्या मालकीचं वाक्य वेगळं: "लुटता का राव?" दोघांनीही आपापल्या मालकीच्या बाहेर जायचं नाही, असा आपला अलिखित करार आहे.

आणि 'दिलं'चंच म्हणाल, तर आपल्याकडं सौदा सुरूच तिथून होतो. "कांदे कसे दिले?" कांदे अजून पाटीत आहेत, पैसे खिशात आहेत, दिलं-घेतलं काहीच नाही, तरी क्रियापद भूतकाळात. मी विचारतो कसे दिले, ती मावशी सांगते वीसनं दिले, मग पुढची दहा मिनिटं आम्ही त्या न घडलेल्या भूतकाळात बदल करत बसतो. फ्रेंच माणूस 'दिलं' म्हणतो तेव्हा त्याची खरेदी संपलेली असते. आपण 'दिलं' म्हणतो तेव्हा पिशवीची घडी सुद्धा मोडलेली नसते.

फ्रेंच बोलीतले हे सगळे शब्द खरेदी झाल्यावर मित्राला सांगायचे आहेत, हे भाचीची वही वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं. आपले शब्द खरेदी होण्यासाठीचे आहेत. त्यांच्या दुकानात बोलायला काही उरलेलंच नाही. आरिस्तीद बूसिको नावाच्या गृहस्थानं 1852 च्या सुमारास पॅरिसमधल्या एका दुकानात भागीदारी घेतली आणि प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली. सगळ्यांना एकच भाव, यावं, बघावं, न घेता गेलात तरी चालेल. दुकानाचं नाव 'बों मार्शे', म्हणजे चक्क 'स्वस्त'. पुढं एमिल झोलानं असल्या दुकानावर 1883 मध्ये एक जाडजूड कादंबरी लिहिली. दुकान आजही आहे आणि पॅरिसमधल्या महागड्या दुकानांत मोडतं, म्हणजे नावात काय असतं ते तिकडंही कळलेलं आहे. पण त्या चिठ्ठीनं घासाघीस गेली. बिचाऱ्यांचं दुकानातलं बोलणं तुंबलं ते घरी जाऊन बाहेर पडायला लागलं.

आपल्याकडंही 'एकच भाव' अशी पाटी असते. त्या पाटीखाली उभं राहून भाव करण्यात वेगळीच मजा असते. "एकच भाव आहे ना? मग तो एक भाव कोणता, ते खरं खरं सांगा."

लातूरचं सांगायचं तर गंजगोलाईचं सांगायला पाहिजे. 1917 साली बांधलेली गोल, दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं मंदिर आणि चहूकडून येऊन मिळणारे 16 रस्ते. सराफी एका रस्त्याला, चपला दुसऱ्या, मिरची तिसऱ्या, गूळ आणखी कुठं. नगररचनेची पुस्तकं ह्या आखणीचं कौतुक करतात. मी गिऱ्हाईक म्हणून ह्या आखणीचा बळी आहे. कसा, ते सांगतो.

मागल्या थंडीत मी चादर घ्यायला गेलो.

"चादर कशी दिली?"

"सोलापुरी हाय मालक. साडेपाचशे."

"एक का दोन?"

हा प्रश्न विचारावाच लागतो. तो विचारला नाही तर दुकानदाराला वाटतं, हे गिऱ्हाईक पुण्याचं आहे.

"भवानीची येळ हाय. तुमाला म्हणून पाचशे."

तुळजापूर इथून फार लांब नाही, त्यामुळं दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हटलं की गिऱ्हाइकाचा हात आपोआप जोडला जातो. त्या वेळी दुपारचे साडेचार वाजले होते, हे मी मनात ठेवलं. 'तुमाला म्हणून' हा शब्दही मी गेली तीस वर्षं ऐकतोय. ज्यांना 'म्हणून' नाही अशी माणसं ह्या बाजारात नेमकी कोण, ती मला अजून भेटायची आहेत.

"व्यवस्थित लावा."

"व्यवस्थितच लावलंय."

ह्या 'व्यवस्थित'ला फ्रेंचमध्ये शब्द नाही, भाचीनं शोधून बघितला. मराठवाड्यात 'कमी करा' म्हणणं जरा उघडं पडतं. 'व्यवस्थित लावा' म्हटलं की मागणारा सभ्य राहतो आणि देणारा उदार. आकडा तोच.

"तीनशे देतो."

"तीनशेला आमची खरेदी बी नाही, मालक. पडत नाही."

'खरेदी' हा तर परमेश्वरासारखा आकडा आहे. आहे असं सगळे म्हणतात, पाहिला कुणीच नाही. आणि 'पडत नाही'! परवडत नाहीचं आखूड रूप. ते म्हणताना दुकानदाराच्या चेहऱ्यावर असं दुःख येतं की मला माझीच लाज वाटते. त्या लाजेतून सुटायला मी ब्रह्मास्त्र काढलं:

"राहू द्या. पुढं बघून येतो."

सरळ रस्त्याच्या गावात हे अस्त्र चालतं. गिऱ्हाईक दहा पावलं जातं, मागून हाक येते, "अहो, या हिकडं, घ्या साडेतीनशेला." गोलाईत हाक येत नाही. दुकानदार शांतपणे चादरीची घडी घालतो. कारण त्याला भूमिती ठाऊक आहे. मी 'पुढं' निघालो, चादरी बघत बघत, ऐटीत, आणि पाऊण तासानं बरोबर त्याच्याच दुकानासमोर आलो.

"या मालक," तो म्हणाला, "चहा सांगू का?"

चारशेला घेतली. चहा त्याचा.

नांदेड माझी सासुरवाडी. तिकडं सौद्याची भाषा एक नाही, निदान साडेतीन आहेत. मराठी, दखनी, तेलुगू आणि गुरुद्वाऱ्याच्या बाजूला गेलात तर अर्धी पंजाबी. कडं आणि कृपाण विकणारा मराठी माणूस अमृतसरहून आलेल्या म्हातारीशी अशा जिव्हाळ्यानं पंजाबी बोलतो की तिला वाटावं हा आपल्याच पिंडचा. भाव मात्र तो नांदेडचाच सांगतो. माझे सासरे अजूनही समोरचा कोण हे बघून "नक्को" म्हणायचं की "नगं" हे ठरवतात. त्यांच्या मते मराठीत केलेल्या भावापेक्षा दखनीत केलेला भाव दहा रुपयांनी उतरतो. मी करून बघितलं. माझी दखनी ऐकून दुकानदारानं वीस वाढवले.

आता वहीकडं वळतो. पुढचा शब्द होता 'आफेर'. "यून बॉन आफेर" म्हणजे फायद्याचा सौदा. भाची मोठ्यानं म्हणत होती; आत माझ्या बायकोला 'आहेर' ऐकू आलं. ती हात पुसत बाहेर आली. "कुणाचा आहेर?" मी समजावलं. ती म्हणाली, "एकच झालं की." ह्या एका वाक्यावर फ्रेंच भाषेत प्रबंध होऊ शकेल, कारण मराठवाड्यात सगळ्यांत मोठा आफेर हा आहेराचाच असतो.

त्याला बस्ता म्हणतात. लग्नाचा कपडा एकदमच, एकाच दुकानातून, सगळ्या भावकीच्या साक्षीनं घ्यायचा. मेव्हण्याच्या पोरीच्या बस्त्याला आम्ही नांदेडच्या एका दुकानात 22 माणसं गेलो होतो. त्यातली साडी नेसणारी 11, साडीतलं कळणारी 4 आणि बोलणारी 22. गादीवर बसवून चहा झाला, मग वरमाय म्हणाली, "आधी द्यायच्या-घ्यायच्या दाखवा."

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साड्यांच्या दोनच जाती असतात. एक नेसायच्या, दुसऱ्या द्यायच्या-घ्यायच्या. दुसऱ्या जातीची साडी कुणी नेसत नाही. ती ह्या लग्नातून त्या वास्तुशांतीत, तिथून डोहाळजेवणात अशी फिरत राहते. नोटेसारखी. नोट तरी शेवटी मळून रिझर्व्ह बँकेत जाते; ही साडी घडीच मोडत नाही तर मळणार कशी?

अशा चाळीस साड्या काढल्या. मग मेव्हण्याच्या चुलत्यांनी, तात्यांनी, सूत्रं हातात घेतली. तात्या एकेका साडीचा भाव विचारत नाहीत. "गुत्त्यानं काय घेता बोला." गुत्तं म्हणजे सगळ्याचा मिळून एक भाव. तिकडं तुम्ही ज्याला कंत्राटदार म्हणता तो इकडं गुत्तेदार, हा शब्द निजामाच्या राज्यापासून आमच्याकडं मुक्कामाला आहे. दुकानदार म्हणाला अडीचशेनं धरलेत, त्याखाली पडत नाही. तात्यांनी ढिगातली एक पोपटी साडी ओढली, पदर उलगडला आणि चष्मा कपाळावर नेला.

"ह्या मोराला चोच कुठंय?"

खरंच नव्हती. पदरावर सात मोर, सहांना चोच, एक बिनचोचीचा. दुकानदार म्हणाला, "तात्या, द्यायची-घ्यायची आहे, मोर कोण बघतंय?" तात्या म्हणाले, "मी बघितला." चोचीचे वीस कमी झाले. नंतर चाळीस साड्यांचा हिशेब, बिलावर काय सोडता ह्याचा वेगळा हिशेब, एक पिशवी वरून आणि नवरीला दुकानाकडून एक साडी. साडेचार तास लागले. एवढं करून दुकानदार तात्यांना दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "ह्या बस्त्यात घाट्यात गेलो बघा."

इथं मला फ्रेंच लोकांची कीव आली. त्यांच्याकडं दुकानदाराला असं मनात येईल तेव्हा घाट्यात जाता येत नाही. खरेदीपेक्षा कमी भावानं माल विकायला तिथं एरवी कायद्यानं बंदी आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीला, सरकार सेलची तारीख लावून देतं. बुधवार, सकाळी आठ. 2020 पासून चार चार आठवडेच, त्याआधी सहा असायचे. त्या आठवड्यांत घाटा खाल्ला तर तो कायदेशीर. ह्या सेलला ते 'सोल्द' म्हणतात. भाचीनं तो शब्द उच्चारला तेव्हा मला 'सोललं' ऐकू आलं आणि मी म्हटलं, हा एक शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखा आहे, पुढं जा.

आमचा दुकानदार बारा महिने चोवीस तास घाट्यात असतो आणि दर दोन वर्षांनी एक मजला चढवतो. फ्रेंच अर्थमंत्र्यांनी येऊन बघण्यासारखी गोष्ट आहे.

आणि सेलची तारीख सरकारनंच कशाला ठरवायला पाहिजे? आपल्याकडं पंचांग ठरवतं. आषाढात लग्नं नाहीत, लग्नं नाहीत तर बस्ता नाही, मग दुकानदार काय करणार? हैदराबादेत आषाढम सेल लागतो आणि नांदेडची बरीच घरं रेल्वेत बसून तिकडं जातात. जाण्या-येण्याचं भाडं, वाटेतली इडली, तिथली बिर्याणी धरली तर साडी नेमकी केवढ्याला पडली, हा प्रश्न परतीच्या गाडीत कुणी काढत नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, ही म्हण असल्याच कुठल्यातरी गाडीत जन्मली असावी.

आणे म्हटल्यावर आमचे आजोबा आठवले. त्यांच्या काळात भाव करण्याआधीच एक प्रश्न असायचा: "हाली का कलदार?" हाली म्हणजे निजामाचा शिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा. 100 कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. साधा हिशेब, हालीचे सात म्हणजे कलदारचे सहा. त्यामुळं सोलापूरकडचा व्यापारी सहा म्हणाला आणि आमचा माणूस सहा म्हणाला, तर त्यांत सहावा हिस्सा आपोआप फरक. सांगताना कलदार, देताना हाली, ही सूट मिळवण्याची तेव्हाची पद्धत होती असं आजोबा म्हणायचे. आणि समोरचा नेमकं उलटं करायचा, हेही तेच सांगायचे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं, नंतर काही वर्षांनी शिक्काही गेला. सहा म्हणून सात समजायची सवय तेवढी राहिली.

एवढं सगळं बोलणं आम्ही चादरीसाठी, साडीसाठी, कोथिंबिरीसाठी करतो. पण लातूरहून नांदेडला जाताना वाटेत लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. तिथं खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, बैल. किंवा इकडं उदगीरच्या बाजूला हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार घ्या. लाल कंधारी आणि देवणी ही दोन्ही खानदानं आमच्याच भागातली, त्यामुळं बैलातलं इथं सगळ्यांना कळतं. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. एकाच्या हातावर उपरणं टाकलेलं, दोघांचे हात त्याखाली. बोटं धरली जातात, सोडली जातात. चेहरे दगडाचे. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही, खुद्द बैलाला कळत नाही. एक मान हलवतो, दुसरा हात काढतो, लाखाच्या घरातला सौदा झाला. जुन्या दलालांची तर अख्खी चोरभाषा होती: केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. आता ती बोलणारी माणसं सापडायची नाहीत, पण त्या बाजारात "सांगायचे किती, द्यायचे किती?" हे मात्र अजून मोठ्यानं विचारतात. जगातल्या कुठल्या बाजारात विक्रेत्याला खोटा आकडा आणि खरा आकडा असे दोन्ही एका दमात विचारतात, मला ठाऊक नाही. आणि तो दोन्ही सांगतोसुद्धा.

म्हणजे लाखाचा बैल आम्ही मुक्यानं विकतो आणि पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर तासभर भाषण करतो. हे उलटं वाटतं, पण नीट विचार केला तर बरोबर आहे. लाखाचा सौदा हा पैशाचा मामला असतो. कोथिंबिरीचा मामला इज्जतीचा.

वहीतलं बाकीचं आम्ही भराभर उरकलं. 'पूर यून बूशे द पँ', म्हणजे घासभर पावाच्या मोबदल्यात: कवडीमोल. 'त्र्वा फ्वा रियँ', म्हणजे तीन वेळा काही नाही. भाची म्हणाली तीन गुणिले शून्य शून्यच. लातूरची पोर, शिकवणीचा परिणाम. फार महागाला ते म्हणतात, डोक्यातले डोळे द्यावे लागले. आपण म्हणतो, गळा कापला. अवयव बदलला, रक्त तेच. आणि न घेता नुसतं बघत हिंडण्याला त्यांचा शब्द आहे 'लेश-व्हित्रीन', दुकानाच्या काचा चाटणं. ह्याला मराठी काय? मी बराच वेळ डोकं खाजवलं. आपल्याकडं नुसतं बघायला कुणी दुकानात गेलंच तर दुकानदार त्याला गादीवर बसवून चाळीस नग उलगडतो आणि ते माणूस लाजेनं निदान एक हातरुमाल घेऊन बाहेर पडतं. ती जागा कोरी सोड म्हटलं.

एक रकाना मात्र फ्रेंचांकडं नव्हता, तो मीच तिला वाढवायला लावला. वस्तू घरी आल्यावर शेजारीण विचारते, "केवढ्याला पडली?" फ्रेंच माणूस इथं त्याचे सगळे 'से दॉने' आणि 'आफेर' खर्च करतो आणि, माझी समजूत अशी की, आकडा खरा सांगतो. आपल्याकडं खरा आकडा फक्त दोघांना ठाऊक असतो, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, आणि दोघंही तो कुणाला सांगत नाहीत. चादर मी चारशेला घेतली. बायकोला साडेतीनशे सांगितली. तिनं शेजारी तीनशे सांगितली. चौथ्या दिवशी शेजारचे काका गोलाईत त्याच दुकानात जाऊन अडीचशेला मागत उभे होते आणि दुकानदार म्हणत होता, "अडीचशेला आमची खरेदी बी नाही." त्या दिवशी पहिल्यांदा तो खरं बोलत असावा.

भाचीच्या बाईंनी गृहपाठाला दहापैकी सहा दिले. भाचीनं फोन करून विचारलं, "बाई, काही व्यवस्थित लावा ना." सात झाले. क्वेबेकला पोरगी उपाशी राहणार नाही.

आणि ती पोपटी साडी. लग्नात ती उमरग्याच्या कुणा पाहुणीला गेली होती, एवढं बायकोला आठवतं. मागच्या महिन्यात उदगीरला एका वास्तुशांतीला गेलो, जेवण झालं, हळदी-कुंकू झालं, बायकोच्या ओटीत एक पुडकं पडलं. घरी येऊन पदर उलगडला. सात मोर, सहांना चोच. सध्या आमच्या कपाटात आहे. तुमच्याकडं काही कार्य असलं आणि द्यायची-घ्यायची लागत असली तर सांगा. भाव व्यवस्थित लावू. चोचीचे वीस आधीच कमी केलेले आहेत.